भुलीनंतरचा आक्रोश आणि अतिदक्षता विभागातली शांतता

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या साडेचार वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइडचे ऑपरेशन झाले. भूल उतरताना तो किंचाळत, हातपाय आपटत उठला, आईला ओळखेना आणि तिलाच मारू लागला. वीस-पंचवीस मिनिटांनी तो झोपी गेला आणि पुन्हा उठल्यावर त्याला यातले काहीच आठवत नव्हते. पुढे दोन महिन्यांनी त्यांच्या बहिणीचा चौदा महिन्यांचा मुलगा न्यूमोनियामुळे नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता. नळी काढल्यानंतरही तो चार दिवस छताकडे पाहत पडून राहिला आणि आईकडे नजर वळवीना. दोन्ही वेळा डॉक्टरांनी ‘डिलिरियम’ हाच शब्द वापरला. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते एकाची भूल डोक्यात राहिली आणि दुसऱ्याला दृष्ट लागली. हे दोन्ही एकच आहे काय, त्याने मेंदूला कायमची इजा होते काय, आणि धाकट्या तीन वर्षांच्या मुलीचे तिरळेपणाचे ऑपरेशन ठरले आहे ते करावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

मुलांना भूल देणे आणि बालअतिदक्षता विभागात त्यांची देखभाल करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या दोन्ही घटना मी जवळून पाहत आले आहे. नाव एकच असले तरी त्या दोहोंत मोठा फरक आहे, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे आपली काळजी विनाकारण वाढली आहे, असे मला वाटते. आपल्या मुलाला जे झाले ते भूल उतरतानाचे, काही मिनिटांचे आणि आपोआप ओसरणारे होते. भाच्याला जे झाले ते गंभीर आजारात मेंदूचे काम ढासळल्याचे लक्षण होते, आणि त्यामागील कारणे शोधून दूर करावी लागतात. पहिल्यात आरडाओरडा फार आणि धोका कमी असतो. दुसऱ्यात मूल बहुधा अगदी शांत पडलेले असते, आणि म्हणूनच ते कुणाच्या नजरेत येत नाही.

डिलिरियम म्हणजे लक्ष आणि भान यांत अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होणारा आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहणारा बिघाड होय. शरीरातील आजार, एखादे औषध किंवा चालू असलेले औषध एकाएकी थांबणे यांमुळे तो होतो. तापात बरळणे, वात होणे हे आपल्या बोलण्यातील शब्द याच अवस्थेचे आहेत आणि मराठी ग्रंथांत तिला मुग्धभ्रांती म्हटलेले आढळते. हा मानसिक आजार नव्हे, वेड नव्हे आणि मुलाचा हट्टीपणा तर मुळीच नव्हे. मूत्रपिंड थकले की लघवी कमी होते, तसा मेंदू आजाराच्या भाराखाली थकला की लक्ष टिकत नाही, माणसे ओळखता येत नाहीत आणि दिवस-रात्रीचे चक्र उलटे होते.

आता आपल्या मुलाविषयी. भूल उतरतानाच्या या उत्तेजनेचा एक मोठा अभ्यास एकेनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच प्रसिद्ध केला होता, म्हणजे ही गोष्ट नवी नाही. मात्र सेव्होफ्लुरेन हे हुंगण्याचे औषध रूढ झाल्यापासून ती पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागली. या औषधाचा वास मुलांना टोचत नाही, त्यामुळे सुई न टोचता मास्कमधून भूल देता येते, ती लवकर चढते आणि लवकर उतरते, म्हणून लहान मुलांसाठी आम्ही ते आवर्जून वापरतो. परंतु जुन्या हॅलोथेनच्या किंवा शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलच्या तुलनेत त्यानंतर मूल बिथरून उठण्याचे प्रमाण जास्त आहे. दोन ते सहा वर्षांची मुले, कान-नाक-घशाची आणि डोळ्यांची ऑपरेशने, आणि ऑपरेशनपूर्वी मुलाच्या मनात असलेली भीती या तीन गोष्टी त्यात भर घालतात. हे सारे केवळ दुखण्यामुळे होते असा समज असतो, पण केवळ एमआरआयसाठी सेव्होफ्लुरेन दिलेली, अंगावर कुठेही छेद नसलेली मुलेही अशीच बिथरून उठतात. जाग येते, पण मेंदूचे सर्व भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. हालचाल आणि आवाज परत येतात, भान मागून येते.

वेदनेने रडणारे मूल आणि डिलिरियममधील मूल यांतील फरक पाहायचा असेल तर मी त्याच्या डोळ्यांकडे पाहते. दुखणारे मूल आईला शोधते, तिच्या गळ्याला घट्ट बिलगते, घशाकडे बोट दाखवते आणि ‘पाणी’ म्हणते. डिलिरियममधील मुलाचे डोळे सताड उघडे असतात, पण नजर आईच्या चेहऱ्यावर न थांबता तिच्या पलीकडे कुठेतरी जाते. आई उचलून घेते तेव्हा ते पाठीची कमान करून तिच्याच हातातून निसटू पाहते. २००४ मध्ये सिकिच आणि लर्मन यांनी या अवस्थेसाठी जी मोजपट्टी तयार केली, तिच्या पाच निरीक्षणांपैकी पहिली तीन नेमकी हीच आहेत: मूल सांभाळणाऱ्याच्या नजरेला नजर देते काय, त्याच्या हालचालींना हेतू आहे काय, आणि भोवतालाचे त्याला भान आहे काय. उरलेली दोन म्हणजे अस्वस्थता आणि कशानेही न शमणारे रडणे, आणि ही दोन दुखण्यातही दिसतात. प्रत्येक निरीक्षणाला शून्य ते चार गुण, एकूण वीस, आणि दहा किंवा त्याहून अधिक गुण झाले की आम्ही सावध होतो.

अशा वेळी आईने काय करावे, हे खरे म्हणजे आम्ही आधीच सांगायला हवे. बहुतेक आया घाबरून ‘बाबू, मी आई, बघ ना माझ्याकडे’ असे पुन्हा पुन्हा म्हणत मुलाला हलवतात. त्याच्याकडून ओळख मागू नये. जे भान अजून परतलेले नाही ते मागितल्याने मूल अधिकच बिथरते. खाटेच्या कठड्यांना उशा लावाव्यात, सलाईनचा हात सांभाळावा, दिवे मंद करावेत, चार माणसांऐवजी एकानेच हळू आवाजात बोलावे आणि वेळ जाऊ द्यावा. बहुतेक मुले पाच ते पंधरा मिनिटांत, काही अर्ध्या तासात शांत होतात. फारच आवरेनासे झाले तर भूलतज्ज्ञ शिरेतून प्रोपोफॉल, फेंटानिल किंवा डेक्समेडेटोमिडिन यांची लहान मात्रा देतात; मूल थोडे झोपते आणि दुसऱ्या वेळी बहुधा शांतपणे उठते. आपल्या मुलाला त्यातले काही आठवत नाही, हे नेहमीचेच आहे. त्याने मारलेले आपल्याला मात्र विसरता येत नाही, हे आपल्या पत्रातून कळते. तो आपल्याला मारत नव्हता, कारण समोर आपण आहात हे त्याला ठाऊकच नव्हते.

इथे एक गोष्ट निक्षून सांगते, विशेषतः टॉन्सिलच्या ऑपरेशनाबाबत. मूल बिथरले की ‘भुलीमुळे आहे, जाईल’ असे म्हणून मोकळे होणे हे कोणत्याही डॉक्टरला शोभणारे नाही. आधी ऑक्सिजन पुरेसा आहे ना, श्वासनलिका मोकळी आहे ना, साखर उतरलेली नाही ना, मूत्राशय तट्ट भरलेले नाही ना आणि वेदनाशामक पुरेसे पोचले आहे ना, हे पाहावे लागते. टॉन्सिलच्या जागेतून रक्त झिरपत असेल तर लहान मूल ते थुंकत नाही, गिळते. घोट घेतल्यासारखे ते वारंवार गिळत असेल, नाडी जलद होत असेल, चेहरा पांढरा पडत असेल आणि मग अस्वस्थ होत असेल, तर तो डिलिरियम नसून रक्तस्राव असू शकतो. तसेच एकदा पूर्ण भानावर येऊन, आईशी बोलून, काही तासांनी मूल पुन्हा असंबद्ध वागू लागले, तर ती भूल उतरतानाची अवस्था नव्हे. डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.

भूल डोक्यात राहिली, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. सेव्होफ्लुरेन फुप्फुसांवाटे शरीरात जाते आणि त्याच वाटेने, श्वासाबरोबर, बाहेर पडते. ते डोक्यात साठून राहत नाही. बुद्धीवर होणाऱ्या परिणामाविषयी म्हणाल, तर अनेक देशांतील ७२२ तान्ह्या बाळांच्या एका अभ्यासाचा अंतिम निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हर्नियाच्या ऑपरेशनासाठी तासाभराहून कमी वेळ सेव्होफ्लुरेनची भूल मिळालेल्या बाळांचा पाचव्या वर्षीचा बुद्ध्यंक, केवळ शरीराचा खालचा भाग बधिर करून ऑपरेशन झालेल्या बाळांइतकाच आढळला. भूल उतरताना बिथरलेल्या मुलांमध्ये पुढचे काही दिवस रात्री दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, आईला क्षणभरही न सोडणे असे प्रकार अधिक दिसतात. ते काही आठवड्यांत निवळतात. त्या काळात मुलाला रागावू नये आणि ‘एवढा मोठा झालास आणि’ असे म्हणून लाजवू नये.

म्हणून धाकट्या मुलीचे ऑपरेशन पुढे ढकलू नका. तिरळेपणाला उशीर झाला तर त्या डोळ्याची दृष्टी मंदावते आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची क्षमता बसत नाही, आणि हे नुकसान पुढे भरून निघत नाही. भावाला झाले म्हणून बहिणीला होईलच असे नाही, पण डोळ्यांचे ऑपरेशन आणि तीन वर्षांचे वय या दोन्ही गोष्टी पाहता शक्यता धरून चालावे. ऑपरेशनपूर्व तपासणीच्या दिवशी भूलतज्ज्ञांना भावाची हकिकत पूर्ण सांगा. त्यांच्याकडे अनेक उपाय आहेत: शेवटी किलोमागे १ मिलिग्रॅम प्रोपोफॉल देणे, डेक्समेडेटोमिडिन वापरणे किंवा पूर्ण भूलच शिरेतून देणे. आधी पाजले जाणारे मिडाझोलम आईपासून दूर होतानाची भीती कमी करते, पण नंतर बिथरणे त्याने टळेलच याचा भरवसा नाही. तिरळेपणाच्या ऑपरेशनानंतर उलट्या अधिक होतात, त्यावरील औषधही आधीच द्यावे लागते. उपाशी ठेवण्याबाबत भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ पाळावी. दूध आणि अन्न सहा तास बंद असले तरी साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते, आणि रात्रीपासून घोटभर पाणीही न दिलेले मूल सकाळी थिएटरच्या दारातच रडवेले झालेले असते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलीला खरे सांगा. ‘चॉकलेट द्यायला नेतात’, ‘फोटो काढायचा आहे’ असे सांगून आणलेली मुले मी वर्षानुवर्षे पाहते आहे. मास्क जवळ येताच आपण फसलो हे त्यांना कळते, आणि ज्या भीतीने मूल झोपते त्याच भीतीने ते बहुधा उठते. तीन वर्षांच्या मुलीला एवढे कळते की डोळा सरळ करायचा आहे, मास्कमधून श्वास घ्यायचा, झोप येईल, उठल्यावर डोळ्यांत चिकट मलम असेल, अंधुक दिसेल, लालसर पाणी येईल आणि आई शेजारी असेल. तिची नेहमीची बाहुली किंवा पांघरूण सोबत असू द्या. रिकव्हरीत आपल्याला लवकर बोलवावे अशी विनंती आधीच करून ठेवा.

भाच्याची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिच्यासाठी मी अधिक लिहिणार आहे, कारण आपल्याकडे या विषयावर फारच कमी बोलले जाते.

अतिदक्षता विभागातील मुलांमध्ये डिलिरियम दुर्मीळ नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील २५ बालअतिदक्षता विभागांच्या पाहणीत तेथील जवळजवळ एक चतुर्थांश मुलांना तो होता, आणि पाचपेक्षा अधिक दिवस राहिलेल्या मुलांत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांखालील वय, वाढ किंवा विकास आधीच मागे असणे, व्हेंटिलेटर, हातपाय बांधून ठेवणे आणि मिडाझोलमसारखी गुंगीची औषधे यांनी धोका वाढतो. नळ्या उपसणारे, ओरडणारे मूल सर्वांना दिसते, परंतु अशी मुले थोडी असतात. बहुतेक मुले निपचित पडलेली किंवा कधी निपचित तर कधी अस्वस्थ अशी असतात. निपचित मूल पाहून राऊंडला येणारा डॉक्टर ‘छान, शांत आहे’ असे लिहून पुढच्या खाटेकडे जातो, आणि ‘शांत’ हा शब्द केस पेपरवर दिसला की मला आता स्वस्थ बसवत नाही.

अडीच वर्षांच्या एका मुलाची आठवण अजून ताजी आहे. व्हेंटिलेटर काढून दोन दिवस झाले होते, ताप उतरला होता, रक्ताचे रिपोर्ट सुधारत होते आणि आम्ही सर्व समाधानी होतो. तो उताणा पडून उजव्या हाताच्या दोन बोटांनी चादरीवरून काहीतरी वेचत होता, जणू तांदळातले खडे निवडावेत तसे, आणि चादरीवर काहीच नव्हते. मधूनच तो हवेत बोटे मिटी. आजीने दारातूनच पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “दोतोर, हो आमचो भुरगो न्हय.” कुठल्याही यंत्रावर न उमटलेले निदान तिने एका वाक्यात सांगितले होते. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतही हे हवेत वेचणे आणि पांघरुणाचे धागे ओढणे गंभीर आजाराचे चिन्ह म्हणून नोंदलेले आहे. आम्ही त्या मुलाची औषधे पुन्हा पाहिली, गुंगीची औषधे टप्प्याटप्प्याने उतरवली, त्याला खिडकीजवळच्या खाटेवर हलवले आणि आजीला दिवसभर त्याच्याजवळ बसू दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने तिच्या हातातील बांगड्या मोजल्यासारखा खेळ केला.

म्हणून ‘हा आमचा मुलगा वाटत नाही’ हे आईचे, आजीचे म्हणणे मी लक्षणासारखे लिहून ठेवते. त्याला आधार देणारी मोजपट्टीही आहे. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल येथील चानी ट्राउब आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ती तपासून प्रसिद्ध केली. आधी सांगितलेल्या पाच निरीक्षणांत तिने तीन भर घातली: मूल आपली गरज कळवते काय, जागे असताना अगदीच कमी हलते काय, आणि हाक दिल्यावर प्रतिसाद द्यायला फार वेळ घेते काय. एकूण ३२ गुण, आणि नऊ किंवा अधिक झाल्यास डिलिरियमचा संशय धरायचा. सिस्टरने दर पाळीला एकदा, दोन-तीन मिनिटांत हे करायचे असते. बोलू न शकणाऱ्या चौदा महिन्यांच्या बाळासाठी त्या वयात काय अपेक्षित आहे याचा वेगळा तक्ता आहे, त्यामुळे ‘एवढ्या लहान बाळात कसे कळणार’ ही सबब आता उरलेली नाही. गंभीर आजारी मुलांच्या वेदना, गुंगी आणि डिलिरियमविषयी २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही अशी नियमित तपासणी करावी असे सांगतात.

संशय आला की कारणांचा शोध घ्यावा लागतो. ऑक्सिजन कमी आहे काय, नवा जंतुसंसर्ग सुरू झाला काय, सोडियम, साखर किंवा यकृत-मूत्रपिंडाचे काम बिघडले आहे काय, दुखते आहे काय, झोप मोडते आहे काय. औषधांत मिडाझोलमकडे प्रथम पाहावे, आणि त्यानंतर तोंड कोरडे पाडणाऱ्या, ॲट्रोपिनच्या जातीच्या औषधांकडे. या जातीच्या औषधांनी डिलिरियम कसा होतो हे गोव्यातील डॉक्टरांना वेगळे शिकवावे लागू नये, कारण धोतऱ्याच्या बिया खाल्लेले मूल अगदी तसेच दिसते: तापलेले, लाल, कोरडे, बाहुल्या विस्फारलेल्या आणि हवेत काहीतरी पकडणारे. चवथीच्या पत्रीत धोतरा असतो. त्याची फळे मुलांच्या हाताला लागणार नाहीत याची काळजी घ्यावी, एवढे ओघात सांगते.

शोध न घेता औषध वाढवले की काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. प्रशिक्षणाच्या काळात एका रात्री पाच वर्षांची मुलगी सारखी तळमळत होती, नळ्या ओढत होती. मी मिडाझोलमची मात्रा दोनदा वाढवली आणि हात हलके बांधायला सांगितले. ती अधिकच असंबद्ध झाली. पहाटे पाळीवर आलेल्या ज्येष्ठ सिस्टरनी काही न बोलता तिच्या ओटीपोटावर हात ठेवला. लघवीची नळी तुंबली होती आणि मूत्राशय भरून वर आले होते. नळी बदलल्यावर ती मुलगी दहा मिनिटांत झोपली, पण मी दिलेल्या मिडाझोलमचा परिणाम उतरून ती नीट भानावर यायला पुढचे दोन दिवस गेले. तळमळणाऱ्या मुलाच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय मी आजही गुंगीच्या औषधाची ऑर्डर लिहीत नाही.

आपल्या भाच्यासारख्या, नऊ दिवस गुंगीत ठेवलेल्या बाळांत आणखी एक शक्यता असते. पाच दिवसांहून अधिक काळ अफूवर्गातील वेदनाशामके आणि मिडाझोलम चालू राहिली की शरीराला त्यांची सवय होते आणि ती झटकन थांबवली की घाम, थरथर, जुलाब, जांभया, शिंका, ताप आणि बेचैनी सुरू होते. औषध तुटल्याचा हा त्रास आणि डिलिरियम एकाच मुलात एकत्रही असू शकतात, आणि तेव्हा प्रश्न अवघड होतो, कारण औषध तुटल्याच्या त्रासावर तेच औषध थोडे देऊन हळूहळू उतरवावे लागते, तर डिलिरियमसाठी तेच कमी करायचे असते. अशा वेळी मिडाझोलमऐवजी डेक्समेडेटोमिडिनकडे वळणे अनेकदा सोयीचे ठरते.

डिलिरियमवर थेट गोळी नाही. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन ही मनोविकारांवरील औषधे सरसकट देऊ नयेत, असेच वर सांगितलेल्या सूचना म्हणतात. कारणे शोधूनही त्रास तीव्र राहिला तर हृदयाचा आलेख पाहत ती लहान मात्रेत, थोडे दिवस दिली जातात. खरा उपचार दिसायला अगदी साधा आहे: दिवसा उजेड, रात्री अंधार, रात्रीचे रक्त काढणे आणि अंग पुसणे शक्य तितके पहाटेवर ढकलणे, बांधलेले हात सोडणे, चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर परत देणे, मुलाला बसवणे, मांडीवर घेणे, लवकर हालचाल करवणे, आणि घरचे माणूस जवळ असू देणे. गोव्यात याला भाषेचीही एक बाजू आहे. घरी मराठी किंवा कोकणी ऐकणाऱ्या बाळाभोवती सिस्टर अनेकदा वेगळ्या भाषेच्या असतात आणि डॉक्टर आपसांत इंग्रजी बोलतात. त्या गोंगाटात त्याला ओळखीचा एकही शब्द सापडत नाही. म्हणून त्याला घरी काय म्हणतात, पाण्याला आणि दुधाला तो काय म्हणतो, हे मी कागदावर लिहून खाटेला लावते. एका वडिलांनी घरच्या घुमट आरतीचे ध्वनिमुद्रण आणले होते. संध्याकाळी थोडा वेळ, हळू आवाजात आम्ही ते लावत असू. आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ धुऊन आणली तर मी तीही नाकारत नाही. आईला ठरावीक दहा मिनिटेच भेटू देण्याचा नियम जिथे आहे, तिथे तो बदलावा यासाठी आपण आग्रह धरावा, कारण ही भेट उपचाराचा भाग आहे.

दृष्ट लागण्याविषयी बोलायचे तर आजीने दृष्ट काढली, गाऱ्हाणे घातले याला माझा कधीच विरोध नसतो. अंगारा नाकातोंडाजवळ नेऊ नये आणि डॉक्टरांना कळवण्यात वेळ जाऊ नये, एवढेच मी सांगते. कारण घरी तापात बरळणाऱ्या मुलाला तातडीने दवाखान्यात नेणे आवश्यक असते. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो, सत्तरी तालुक्याच्या बाजूला उन्हाळ्याकडे माकडताप, शिवाय मेंदूज्वर, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. मान ताठ, फिट, सतत उलट्या, उठवूनही न उठणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आता भाच्याला कायमची इजा झाली काय. डिलिरियम झालेली मुले रुग्णालयात अधिक दिवस राहतात आणि त्यांचा आजारही अधिक गंभीर असतो, म्हणून तो गांभीर्यानेच घ्यायचा असतो, पण तो ओसरतो, आणि चार दिवसांनंतर आपला भाचा आईकडे पाहू लागला ही चांगली खूण आहे. घरी आल्यावर काही आठवडे त्याची झोप उलटसुलट राहील, तो चिडेल, आधी जे करत होता ते, म्हणजे धरून उभे राहणे किंवा दोन-तीन शब्द, तात्पुरते विसरल्यासारखे वाटेल. तीन महिन्यांत ते परत न आल्यास विकासाची तपासणी करून घ्यावी, आणि तीत ऐकण्याची तपासणी जरूर असावी, कारण गंभीर आजारात दिली जाणारी काही प्रतिजैविके कानांवर परिणाम करतात.

मोठ्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आईवडिलांना सहसा माहीत नसते. अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या मुलांच्या आठवणी विचारून इंग्लंडमध्ये केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १०२ मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना भिंतीवरचे प्राणी, मारायला आलेली माणसे अशा न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या आठवत होत्या, आणि पुढे मानसिक धक्क्याची लक्षणे अशाच मुलांत अधिक होती. मुले हे आपण होऊन सांगत नाहीत. त्यांना ते खरेच घडले असे वाटते, आणि आपले आईवडील तिथे असून त्यांनी अडवले नाही असेही वाटते. म्हणून त्या दिवसांची साधी रोजनिशी ठेवावी: आज नळी काढली, आज मामा आला, आज पहिल्यांदा पेज घेतली. भाचा आज चौदा महिन्यांचा आहे, त्याला यातले काही सांगता येणार नाही. पण ते दिवस आपल्या बहिणीनेही पाहिले आहेत, आणि तिलाही रात्री झोप लागत नसेल, यंत्राचा आवाज ऐकू येत असेल, तर बाळाच्या पुढच्या तपासणीला तिने तेही डॉक्टरांना सांगावे.